सरकारला काय करता येत नाही, तेही मुलांना शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर लागला की शाळाशाळांतून संविधान दिनाची तयारी सुरू होते. उद्देशिकेचं सामूहिक वाचन, निबंध स्पर्धा, रांगोळ्या, प्रभातफेरी. हे सगळं व्हायलाच हवं आणि मुलं ते मनापासून करतात. मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. प्रशिक्षणाच्या नाहीतर परीक्षेच्या निमित्तानं दुसऱ्या शाळांत जाणं होतं. तिथल्या भिंतींवर नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा तक्ता हमखास दिसतो. सरकारला कोणत्या गोष्टी करता येत नाहीत, याचा तक्ता मात्र मला अजून एकाही शाळेत दिसलेला नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

अकरा कर्तव्यं मुलांना घडाघडा पाठ असतात. ती सांगणारं कलम ५१ क मूळ संविधानात नव्हतं. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, ते बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलं. तेव्हा कर्तव्यं दहा होती, अकरावं २००२ मध्ये जोडलं गेलं. कर्तव्यांना माझा विरोध नाही, मीही ती शिकवते. पण संविधानाचा फार मोठा भाग आपल्याला नव्हे, तर राज्य करणाऱ्यांना उद्देशून लिहिला आहे. मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा करता येणार नाही, केला तर तेवढ्यापुरता तो निरर्थक, असं कलम १३ सांगतं. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, त्याला अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, हे कलम २२ मध्ये आहे. कायद्याचा आधार नसेल तर कर घेता येत नाही, हे २६५ मध्ये. कायद्याचा आधार नसेल तर कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे ३०० क मध्ये. आणि यातले मूलभूत हक्क मोडले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागायची वाट म्हणून कलम ३२ आहे, ज्याला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं.

सातवीला मूलभूत हक्क सुरू करताना मी पहिल्याच तासाला विचारते, ‘सरकार काय करू शकत नाही?’ दरवर्षी वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘बाई, सरकारनं मनात आणलं तर काहीबी करू शकतंय.’ हे म्हणताना त्या पोराच्या आवाजात तक्रारही नसते. त्यानं आजोबांना सातबाऱ्यावरच्या एका चुकीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालताना पाहिलेलं असतं. साहेब म्हणतील ते होतं, ही त्याच्या घरातली समजूत. निजामाच्या प्रजेची समजूतही हीच होती, आणि तेव्हा ती खरी होती. आज ती खरी नाही. तेव्हा आणि आजमध्ये नेमकं काय बदललं, हे त्याला कळलं पाहिजे.

मराठवाड्यातल्या मुलांना अमर्याद सत्ता समजावून द्यायला परदेशात जावं लागत नाही. पण मुक्तिसंग्राम शिकवताना आपण थेट रझाकारांपाशी जाऊन पोचतो. जाळपोळ, लूट, खून, मग पोलीस कारवाई, आणि १७ सप्टेंबर १९४८. अमर्याद सत्ता म्हणजे गुंडांची अंदाधुंदी, असं मुलांच्या मनात त्यामुळे पक्कं बसतं. निजामाचं राज्य एरवी अंदाधुंद नव्हतं. रेल्वे होती, टपाल होतं, स्वतःचं चलन होतं. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ होतं, हैदराबादला उच्च न्यायालय होतं. न्यायखातं कारभारापासून वेगळं करण्याचा निर्णय तिथं १९२१ मध्ये झाला, ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा ती नुसती मागणी होती. कायदेमंडळ नावाची संस्थाही होती. पण या सगळ्यांच्या वर फर्मान होतं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी काढलेलं फर्मान हाच कायदा, मग ते चुकीचं आहे म्हणून कुणी कुठल्या दारात जायचं? न्यायाधीश त्यांनी नेमलेले, कायदेमंडळ त्यांनी दिलेलं, आणि दिलेलं परत घ्यायची मुभाही त्यांनाच.

राज्यातल्या काही तालुक्यांचा महसूल तर सरकारी खजिन्यात जातच नसे, तो निजामाच्या खासगी तिजोरीत जाई. त्याला सर्फ-ए-खास म्हणत. ही व्यवस्था १९४९ मध्ये संपली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे, म्हणून मी मुलांना घरी विचारून यायला सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न ठेवते: तुझ्या पणजोबांनी भरलेला सारा कुठे खर्च झाला, हे विचारायचा हक्क त्यांना होता का? आज ग्रामपंचायतीचा खर्च ग्रामसभेत विचारता येतो, दहा रुपयांच्या अर्जावर माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं. पणजोबांचं नाव घेतलं की वर्ग सावरून बसतो. हा फरक व्याख्येतून कळत नाही.

‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे हैदराबाद संस्थानातलं परिपत्रक मी आवर्जून शिकवते. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा त्याचा सारांश. परवानगी नाकारली तर पुढे दार नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या महाविद्यालयात मुलांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं गेलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच एक.

आणि नेमक्या त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात, सातारा भागातल्या औंध या छोट्याशा संस्थानाच्या राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा इरादा जाहीर केला. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ते हेच. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी पुढाकार घेतला, गांधीजींचा सल्ला घेतला, आणि १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावागावांत पंचायत, त्यांच्यावर तालुका पंचायत, आणि त्यांतून वर गेलेलं कायदेमंडळ. अवघ्या ७२ गावांचं संस्थान. गादीवर राजा होता, पण आपल्याला काय करता येणार नाही हे त्यानं स्वतःच कागदावर आणलं होतं. दोघेही राजेच, दोघांनाही कुणी निवडून दिलेलं नव्हतं. पण एकाला अडवणारं कुणी नव्हतं, आणि दुसऱ्यानं आपल्याला अडवणारी व्यवस्था आपल्या हातानं उभी केली. निजाम आणि औंध शेजारी शेजारी ठेवून शिकवले की ‘राजा वाईट, निवडणूक चांगली’ ही सोपी वाटणी मुलांच्या डोक्यातून निघून जाते.

इथं हमखास एक हात वर येतो. ‘बाई, मग महाराजांचं राज्य मर्यादित होतं का?’ महाराष्ट्रातल्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि मला तो टाळायचाही नसतो. चिपळूणजवळ छावणी पडलेली असताना शिवाजी महाराजांनी जुमलेदारांना, म्हणजे आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र मी वर्गात वाचते. दाणागोटा, चारा, लाकूडफाटा बाजारातून विकत घ्या, रयतेला तोशीस लावू नका, नाहीतर याहून मोगल बरे असं लोक म्हणतील, ही त्यातली ताकीद. आपल्याच सैन्यावर इतकी कडक मर्यादा घालणारा राजा त्या काळात विरळा, हे मी अभिमानानं सांगते. मग विचारते, ही मर्यादा कुणी घातली? महाराजांनी. दुसरा राजा आला आणि त्यानं ती काढून टाकली तर? इथं वर्गात खरी चर्चा सुरू होते. एका चांगल्या माणसाच्या मनात असलेली मर्यादा त्या माणसाबरोबर जाऊ शकते, म्हणून ती लिहून ठेवावी लागते आणि राखणारे लोक लागतात, हे तेरा वर्षांच्या मुलांनी माझ्याआधी सांगितलेलं मी ऐकलं आहे.

याच्या पुढचा भाग मात्र आपण शाळेत जवळजवळ शिकवतच नाही. निवडून आलेलं सरकारही अमर्याद होऊ शकतं. जर्मनीच्या संसदेनं २३ मार्च १९३३ रोजी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देऊन टाकला. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात पायही ठेवू दिला नव्हता आणि बाहेर हिटलरची माणसं उभी होती, हे खरंच, पण कागदोपत्री सगळं मतदानानं झालं. मुलांना हे दूरचं वाटतं. १९७५ दूरचं नाही.

त्या वर्षी २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली. डांबून ठेवलेल्यांनी न्यायालयात जायचं की नाही, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी, जाता येतं, असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा उलट निकाल दिला. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. सुनावणीत त्यांनी सरकारी पक्षाला विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, आणि आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर त्यांना भर न्यायालयात मिळालं होतं. पुढच्या वर्षी त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातले एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला, तेव्हा तसं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मुलं हे ऐकून थक्क होतात, आणि ‘एडीएम जबलपूर’ हे त्या १९७६ च्या खटल्याचं नाव आपणहून लक्षात ठेवतात.

आणीबाणी उठल्यावर १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती आली. पुस्तकात ती एक ओळ असते. पण तिच्यातल्या एकेका वाक्यामागे घडलेली गोष्ट आहे. मंत्रिमंडळाला सकाळी कळलं होतं, म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा काढता येत नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण कशालाही लावता आलं होतं, म्हणून तिथं ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. जगण्याचाच हक्क थांबवला गेला होता, म्हणून कलम २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येत नाहीत. दुरुस्ती अशी शिकवली तर पाठांतर लागतच नाही.

अनंतराव भालेराव यांचं नाव मी या धड्यात मुद्दाम घेते. निजामाविरुद्धच्या लढ्यात हा माणूस उतरला होता. पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे ते संपादक झाले, आणि आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या, लोकांनी निवडलेल्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांनी दोन्ही वेळी विरोध केला तो एकाच गोष्टीला. मर्यादित आणि अमर्याद सरकार यांतला फरक मराठवाड्यातल्या मुलाला समजावून द्यायला मला याहून चांगलं चरित्र माहीत नाही. ते आमच्या प्रत्येक शाळेत पोचायला हवं.

मर्यादा आज पूर्ण झाल्या, असं मी मुलांना सांगत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता संविधानात पहिल्यापासून आहे आणि अजूनही आहे. तिथं तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढे प्रकरण न नेताही माणूस आत राहू शकतो. ही फट दाखवली नाही तर आपण मुलांना अर्धंच सांगितलं असं होईल.

वर्गात मी प्रत्यक्ष हुकमांवर काम करून घेते. ‘१४४ लागलं’ हे शब्द करोनाच्या काळापासून मुलांच्या ओळखीचे आहेत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ झालं. असा हुकूम लेखी असावा लागतो, त्यात कारण द्यावं लागतं, तो दोन महिन्यांहून जास्त टिकत नाही, टिकवायचा तर राज्य सरकारला वेगळा आदेश काढावा लागतो आणि त्यालाही सहा महिन्यांची हद्द आहे. तो रद्द करा म्हणून अर्ज करता येतो, उच्च न्यायालयात जाता येतं. असे हुकूम लोकांना पाहायला मिळतील असे प्रसिद्ध केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. हे एका बाजूला आणि गश्ती निशाण त्रेपन्न दुसऱ्या बाजूला ठेवलं की सभेला आडकाठी दोन्हीकडे दिसते. मग मुलं स्वतः शोधतात: हुकूम कुणाचा, कोणत्या कायद्याखाली, किती दिवसांसाठी, आणि दाद कुठे? या चार प्रश्नांची उत्तरं जिथं मिळतात तिथं सरकारला हद्द आहे. आठवीतल्या एका मुलीनं वडिलांच्या टपरीला आलेल्या नोटिशीवर हेच चार प्रश्न लावले. म्हणणं मांडायला मुदत आहे, हे त्यातच छापलेलं होतं, घरात कुणी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. वडिलांनी लेखी म्हणणं दिलं आणि त्यांना सुनावणी मिळाली. पुढे निकाल काहीही लागो, सुनावणीशिवाय टपरी उचलली गेली नाही.

‘बाई, पोरांना सरकारच्या विरोधात शिकवताय का?’ असं मला सहकाऱ्यांनी आणि पालकांनीही विचारलं आहे. मी त्यांना सांगते, वेसण घातलेला बैलच औताला सरळ चालतो. मर्यादित सरकार दुबळं नसतं. ते कर घेतं, रस्त्यासाठी जमीन घेतं, साथ आली तर बाजार बंद करतं, फक्त कारण सांगून आणि हद्दीत राहून. आणि आमच्या मुलांचं काय होतं ते पाहा. पहाटे मैदानावर धावणारी निम्मी पोरं पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली आहेत. हुशार पोरी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत बसतात. कुणी तलाठी होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी फौजदार, कुणी तहसीलदार. उद्याचं सरकार म्हणजे हीच मुलं. चोवीस तासांचा नियम अटक होणाऱ्याला माहीत असणं चांगलंच, पण अटक करणाऱ्या हवालदाराच्या मनात तो सातवीपासून रुजलेला असणं त्याहून मोलाचं. संविधानिक नैतिकता आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, असं डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं. ती जोपासायची जागा शाळेइतकी दुसरी कुठली?

पाठ्यपुस्तक मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. सातवीच्या नागरिकशास्त्रात हक्कांचे दोन पाठ आहेत, दहावीला संविधानाच्या वाटचालीचा पाठ आहे. तिथं आणखी व्याख्या नकोत. औंध, गश्ती निशाण त्रेपन्न, न्यायमूर्ती खन्ना आणि चव्वेचाळिसावी दुरुस्ती यांना चार पानं द्या. परीक्षेत गाळलेल्या जागांऐवजी एक खराखुरा हुकूम छापा आणि तो कुठल्या हद्दीत बसतो ते विचारा. नागरिकशास्त्राला आठवड्यात मिळणारा तासही वर्षाअखेर इतर विषयांचा अभ्यासक्रम पुरा करायला घेतला जातो, तो घेऊ नये, एवढं मुख्याध्यापकांना सांगा.

शेवटची विनंती आपल्या दैनिकाला. मी वर्गात वर्तमानपत्राची कात्रणं वापरते. ‘खंडपीठानं सरकारला फटकारलं’, ‘प्रशासनावर ताशेरे’ असे मथळे दर आठवड्याला येतात. पण न्यायालयानं कोणतं कलम दाखवून सरकारला थांबवलं, आणि निकालानंतर सरकारला काय करावं लागलं, हे बहुतेक बातम्यांत नसतं. मुलांना फटकारलेलं तेवढं कळतं, हद्द कळत नाही. अशा प्रत्येक बातमीखाली चार ओळींची चौकट द्या: हुकूम कुणाचा होता, कोणत्या कलमाला अडला, अर्ज कुणी आणि कसा केला, पुढे काय झालं. पहिली चौकट छापून आली की मी ती वर्गात लावेन आणि मुलांनी त्यावर विचारलेले प्रश्न आपल्याला पाठवीन.

आपली विश्वासू,
नागरिकशास्त्राची एक शिक्षिका,
उदगीर, जि. लातूर